जिभेचा विषय विचाराधीन आहे

एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, तिथून हे सगळं सुरू झालं. पत्रांना उत्तर न देणारी माणसं जगात पुष्कळ असतात आणि ती रात्री सुखाने झोपतात. पण माझी सगळी नोकरीच पत्रांना उत्तरं देण्यात गेली. पाणीपुरवठा खात्याच्या पत्रव्यवहार शाखेत खिडकीजवळचं टेबल माझं होतं. नळाला पाणी येत नाही, आलं तर गढूळ येतं, मीटर पाण्याऐवजी हवेने फिरतो, अशा तक्रारींना उत्तर लिहायचं. ‘आपले पत्र मिळाले. विषय विचाराधीन आहे.’ हे वाक्य माझ्या हातात इतकं बसलं होतं की लग्नाआधी बायकोने चिठ्ठी पाठवून, मी तुम्हाला पसंत आहे का, असं विचारलं तेव्हा पेनातून तेच उतरलं. तिने तरीही लग्न केलं. शेवटपर्यंत ती नातेवाइकांना सांगत असे, की ह्यांच्याकडे माझी फाईल अजून पडूनच आहे.

पत्र नातीचं होतं. माझ्या मुलीची मुलगी, वय सोळा, घरी तिला चिमी म्हणतात. राहते याच शहराच्या दुसऱ्या टोकाला. घरोघरी फोन असताना पत्र कशाला, असं कुणीही विचारेल. आम्हा दोघांना फोनवर बोलता येत नाही, हे त्याचं उत्तर. ती ‘हं’ म्हणते, मी ‘हं’ म्हणतो, मग आम्ही एकमेकांचा श्वास ऐकत बसतो आणि शेवटी तिची आई येऊन फोन काढून घेते. लाजाळूपणा आमच्या घराण्यात एक पिढी सोडून येतो. मधली पिढी बँकेत कर्जवसुलीला आहे. ती जिना चढायला लागली की आधी आवाज वर येतो, मागून ती.

चिमीने लिहिलं होतं: ‘आजोबा, मला जिभेला टोचून घ्यायचं आहे. जिभेच्या मधोमध एक बारीक दांडी आणि तिच्यावर मणी. अठरा पूर्ण नसतील तर घरचं मोठं माणूस बरोबर लागतं. आईला विचारलं तर ती नाही म्हणेल. बाबांना विचारलं तर ते आईला विचार म्हणतील. तुम्ही याल का? वर्गात निम्म्या मुलांना अजून माझा आवाज माहीत नाही. माझ्या तोंडात काय असावं, एवढं तरी मी ठरवावं असं वाटतं. आणि दुसरं, मी असं केलं तर तुम्हाला माझी लाज वाटेल का? खरं लिहा.’

मी उत्तराला लगेच बसलो नाही असं मुळीच नाही. आधी वाचनालयात गेलो. कोणत्याही संकटात मी आधी वाचनालयात जातो. ज्ञानकोशाच्या खंडात जीभ काढली. ती स्नायूंची असते आणि तिच्यावर चव कळणारे उंचवटे असतात, यापलीकडे त्या कोशकारांनी काही सांगितलं नव्हतं. तिला भोक पाडावं की पाडू नये याबद्दल ते गप्प होते. मग मसुदे केले. पहिल्या मसुद्यात मी दोन्ही बाजू मांडल्या. दुसऱ्यात बाजूंचा क्रम बदलला. तिसरा लिहून झाल्यावर वाचला, तर त्यात मी चिमीला तिचा अर्ज योग्य त्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे तिच्या आईकडे, पाठवण्याची सूचना केली होती. तो मी फाडला. माझ्यातही थोडी लाज शिल्लक आहे.

असे दिवस गेले आणि एके दिवशी दारात चिमी उभी. पाठीला बॅग. जावयाला कामासाठी बाहेरगावी जायचं होतं, मुलगी बरोबर गेली होती, आणि दहा दिवस चिमी माझ्याकडे राहणार होती. हे मला माहीत होतं. पण बॅग खाली ठेवून ती जे बोलली, ते माहीत नव्हतं.

“आजोबा, एक महिना उलटून गेला.”

मला आधी कळेना. मग कळलं आणि मी खुर्चीत बसलो.

त्याचं असं आहे. पाणी खात्याला माझं स्वतःचं म्हणून एकच योगदान आहे. नवीन नळासाठी अर्ज करणारी माणसं वर्षानुवर्षं खेटे घालत. मी एक टिप्पणी तयार करून, चार साहेबांच्या सह्या मिळवून, नियम करून घेतला: अर्जाला महिनाभरात उत्तर न गेल्यास तो मंजूर समजावा. या एका ओळीसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं साहेबाच्या केबिनमध्ये बोलावल्याशिवाय गेलो होतो. इतर आजोबा नातवंडांना राजाराणीच्या गोष्टी सांगतात. मी चिमीला या नियमाची गोष्ट सांगत असे. तिच्यात फायलीवर बसणारा एक दुष्ट उपअभियंता होता, अर्ज घेऊन हिंडणारी एक म्हातारी होती, आणि शेवटी म्हातारीच्या अंगणात नळाला पाणी यायचं. चिमी चार वर्षांची असताना रोज तीच गोष्ट मागायची. ती एवढी लक्षात ठेवून ऐकत असेल अशी मला कल्पना नव्हती.

कुणाच्याही नियमाशी मी भांडलो असतो. स्वतःच्या नियमाशी कसा भांडणार? मी पायांत चपला घातल्या.

दुकान एका चाव्या बनवणाऱ्याच्या वर, पहिल्या मजल्यावर होतं. अंधार, धूर आणि भिंतीवर कवट्या अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पांढऱ्या फरशा, हातमोज्यांचा खोका, सुया उकळायचं यंत्र. आमच्या दाताच्या डॉक्टरकडेही एवढी स्वच्छता नसते. टोचणारा पंचविशीचा होता. मनगटापासून मानेपर्यंत त्याचं सगळं अंग चितारलेलं. गळ्यावर एक मासा होता आणि तो आवंढा गिळायचा तेव्हा माशाचं तोंड उघडायचं. मला ‘सर’ म्हणाला, जेवून आलात ना विचारलं, आणि संमतीचा कागद पुढे केला.

तिथे माझं चुकलं. मी तो वाचायला घेतला.

‘सर्व जबाबदारी पालकांची राहील’ असं पहिलंच वाक्य. सर्व म्हणजे कुठली? सुई तुटली तर तीही माझी? मी पेन्सिल मागितली. दुसऱ्या कलमात ‘वरीलप्रमाणे’ होतं आणि वर तसं काही नव्हतंच. मी समासात दुरुस्त्या सुचवल्या, एक कलम खाली घेतलं, एक नवीन घातलं. तो बिचारा प्रत्येक वेळी मान हलवायचा आणि मासा तोंड उघडायचा. मागच्या बाकावर वाट बघणाऱ्या दोन कॉलेजकुमारांपैकी एकाने दुसऱ्याला हळूच विचारलं, की आजोबा दुकान विकत घेतायत का.

कागद माझ्या मनासारखा झाला आणि मी सही करणार, तर टोचणाऱ्याने आडनावावर बोट ठेवलं. मी आईचा बाप. चिमीचं आडनाव वेगळं, माझं वेगळं. मी तिचा आजोबा कशावरून? मी निवृत्तिवेतनाचं ओळखपत्र दाखवलं. त्यावरून मी निवृत्त आहे एवढंच सिद्ध होत होतं, आणि त्याबद्दल कुणालाही शंका नव्हती. सबंध नोकरीत मी लोकांना लिहीत आलो की सदर इसम तोच असल्याबाबत पुरावा जोडावा. सदर इसम होणं म्हणजे काय, ते मला त्या पांढऱ्या फरशीवर उभं राहून समजलं. टोचणाऱ्याने मालकिणीला व्हिडिओ कॉल लावला. बाई कुठेतरी केस वाळवत होत्या. त्या म्हणाल्या, पुरावा नाही तर काम नाही.

वेळ फुकट जाऊ नये म्हणून टोचणारा तोवर चिमीची जीभ टॉर्च मारून तपासत होता. मध्येच थांबला. जिभेच्या टोकाला खाच होती, पानाचा शेंडा किड्याने खावा तशी. त्याला वाटलं जुनी जखम आहे. चिमीने मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टर आणि चिमी सोडले तर माझी जीभ जगात कुणी पाहिलेली नाही. मी ती दोन अनोळखी कॉलेजकुमारांसमोर, एका चितारलेल्या माणसासमोर आणि केस वाळवणाऱ्या बाईंसमोर बाहेर काढली. तीच खाच, तशीच, डावीकडे जराशी झुकलेली. टॉर्च चिमीच्या जिभेवर गेला, माझ्या जिभेवर आला, पुन्हा तिच्या. मालकिणीने फोन जवळ न्यायला सांगितला. मग बाई म्हणाल्या, “सही घे रे त्यांची.”

पुढचं काम क्षणाचं होतं म्हणतात. मी चिमीला धीर द्यायला तिचा हात धरला आणि समोरची सूचना वाचत राहिलो. ‘पाळीव प्राणी आत आणू नयेत’ या ओळीपाशी कुणीतरी झालं म्हणालं. बघतो तर चिमीच्या डोळ्यांत पाणी, पण ओठ हसरे, आणि दुसऱ्या हाताने ती माझ्या पाठीवर थोपटत होती. टोचणाऱ्याने पाण्याचा ग्लास भरला तोही मलाच दिला. सूचना मात्र तिला दिल्या: काही दिवस सूज राहील, बर्फ चघळायचा, मिठाच्या पाण्याने तोंड धुवायचं, बोलायचं कमी, आणि इतक्यात काढायचं नाही, काढलं तर भोक लगेच बुजतं.

घरी आल्यावर चिमीने वहीत लिहून मला एक गोष्ट बजावली. आईला ती स्वतः सांगणार होती. तोंडाने, नीट बोलता यायला लागल्यावर. ‘लिहून नाही. तुम्हीही सांगायचं नाही.’ आयुष्यभर चिठ्ठ्या लिहिणाऱ्या मुलीने हे ठरवलं होतं, तेव्हा ते केवढं मोठं ठरवणं आहे हे मला कळत होतं. मी शब्द दिला. दहा दिवस कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच तर होतं. आणि आमच्या घरात दहा दिवस कुणी बोललं नाही तर ते कुणाच्या लक्षात येणार?

सेक्रेटरीबाईंच्या लक्षात आलं. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीबाई खालच्या मजल्यावर राहतात आणि पाण्याच्या टाकीपासून लोकांच्या रक्तदाबापर्यंत सगळ्याची नोंद त्यांच्याकडे असते. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, चिमीला कितवीत गेलीस म्हणून विचारू लागल्या. चिमी तोंड मिटून बसली. मला खोटं बोलता येत नाही; नोकरीतही मी कधी खोटं लिहिलं नाही, फक्त पूर्ण लिहिलं नाही. मी म्हणालो, “ती सध्या बोलत नाही.”

सेक्रेटरीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, चिमीकडे पाहिलं. चेहरा हळूहळू उजळला. किती दिवस, म्हणाल्या. मी म्हटलं, आठदहा दिवस तरी. त्यांनी हात जोडले. आजकालच्या पोरी फोन कानाला चिकटवून जन्माला येतात, आणि ही एवढीशी पोर मौन पाळते. नक्कीच काकांचे संस्कार. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझी नोकरीतली सगळी कला तिथे उपयोगी पडली आणि तिनेच घात केला.

संध्याकाळपर्यंत ही बातमी इमारतभर झाली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर येऊन सांगून गेले, की न बोलल्याने रक्तदाब दहा अंशांनी उतरतो. त्यांची बायको गप्प राहते तेव्हा त्यांचा स्वतःचा उतरतो. एका काकूंनी विचारलं की त्यांच्या सुनेला हे शिकवता येईल का. कुणी चिमीला केळी आणून दिली, कुणी थंड दूध. तिला नेमकं तेच हवं होतं, त्यामुळे ती डोळे मिटून इतकी समाधानाने खायची, की येणारा माणूस भारावून परत जायचा. तिसऱ्या दिवशी जिन्यात दोन बायका खुणांनी बोलताना मी स्वतः पाहिल्या.

मग ज्येष्ठ नागरिक मंडळाचं पत्र आलं. रविवारी सभागृहात ‘मौनाचे महत्त्व’ या विषयावर माझं भाषण, व्यासपीठावर नात. मी आयुष्यात भाषण केलेलं नाही. निरोपसमारंभात मला दोन शब्द बोला म्हटलं, तेव्हा मी खरोखर दोनच बोललो होतो. नाही म्हणायला खाली जावं तर सेक्रेटरीबाईंशी बोलावं लागलं असतं. म्हणून लेखी उत्तर दिलं: आपले पत्र मिळाले, विषय विचाराधीन आहे. दुसऱ्या दिवशी फलकावर माझं नाव ठळक अक्षरांत. सेक्रेटरीबाईंनी स्पष्ट केलं, की काकांचं ‘नाही’ आलं नाही म्हणजे ‘हो’च. हा नियम माझ्या घराबाहेर इतका पसरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

चिमी खदखदून हसायची आणि मग जीभ धरायची. तोवर तिची सूज बरीच उतरली होती. थोडं बोबडं, पण ती बोलू लागली होती, दार लावून, माझ्याशी. इतकी की मी चकित झालो. शाळेतलं, पुस्तकातलं, टोचणाऱ्याच्या माशाबद्दलचं. आई आल्यावर काय बोलायचं याची ती आरशासमोर तालीम करायची, आणि मी शेजारच्या खोलीत भाषण लिहायचो. मौनाच्या महत्त्वावर माझी पानंच्या पानं झाली.

रविवारी सभागृह भरलं. मी कागद घेऊन माइकपाशी उभा राहिलो, चष्मा लावला, समोर पाहिलं. दारात माझी मुलगी उभी होती. हातात प्रवासाची बॅग. ती दोन दिवसांनी यायची होती. पण सेक्रेटरीबाईंनी तिला फोन करून अभिनंदन केलं होतं, की लेकीने काय मौन धरलंय. आपली मुलगी बोलत नाही हे ऐकून कुठली आई थांबेल? चेहऱ्यावरून ती वाटेत रडली असावी असं वाटत होतं.

मी तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. कागदावरची अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागली. मी तसाच उभा. पहिल्या रांगेत सेक्रेटरीबाईंना वाटलं हे प्रात्यक्षिक आहे. त्यांनी डोळे मिटले. त्यांचं बघून दुसऱ्या रांगेने मिटले. बघता बघता सगळं सभागृह डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसलं. इतकी यशस्वी सभा मंडळात कधी झाली नव्हती, असं नंतर मला सांगण्यात आलं. कंपाउंडर घोरायला लागले. उघडे डोळे फक्त तिघांचे: माझे, चिमीचे आणि मधल्या वाटेने पुढे चालत येणाऱ्या माझ्या मुलीचे.

चिमी उठली, मला खुर्चीत बसवलं, आणि माझ्या हातातला माइक घेतला.

“आई, मी मौनात नाहीये. जीभ सुजली होती. मी टोचून घेतलंय.”

बोबडं होतं, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. तिने जीभ बाहेर काढली. ट्यूबलाइटखाली मणी चमकला. शंभर डोळे एकदम उघडले, आणि त्या दिवसातलं खरं मौन तेव्हा सुरू झालं. ते मागच्या रांगेतल्या एका आजींनी मोडलं. त्यांना नीट दिसलं नव्हतं, बाळाने जरा इकडे वळावं असं त्यांचं म्हणणं होतं.

मुलीचा आवाज खाली आला होता. तो वर असतो तेव्हा मला भीती वाटते. खाली येतो तेव्हा जास्त.

“कुणाच्या परवानगीने?”

“माझ्याच,” चिमी म्हणाली.

तिने माझं नाव घेतलं नाही. नियमाचं नाही, महिन्याचं नाही, सहीचंही नाही. मी खुर्चीत बसलो होतो, आणि तसाच बसून राहिलो असतो तर तिची एकटीची चूक म्हणून सगळं मिटलं असतं. मी उठलो. माइक चिमीच्या हातात होता, मी वाकून त्यात बोललो.

“माझ्या परवानगीने. मी हो म्हटलं.”

चिमीने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं नव्हतं हे जगात तिला एकटीलाच माहीत होतं. मुलगीही बघत राहिली. “तुम्ही, बाबा?” ती म्हणाली. “हो म्हणालात? मला सहलीला जायचं होतं तेव्हा बघू म्हणालात. सगळ्या मैत्रिणी जाऊन परत आल्या तरी बघतच होतात.”

याचं उत्तर अजून विचाराधीनच होतं, आणि पन्नाशीला आलेल्या मुलीला ते ऐकवण्यात अर्थ नव्हता. मी मान खाली घातली. मुलगी व्यासपीठावर चढली, लेकीची हनुवटी धरली आणि म्हणाली, “दाखव परत. दुखतं का गं?” चिमीने दाखवलं. आईने बराच वेळ बघितलं. ते ठेवायचं की काढायचं, या प्रश्नावर सगळं सभागृह कान देऊन होतं. माझी मुलगी, जी कर्जदाराला विचार करायला श्वासभर वेळ देत नाही, म्हणाली, “मला जरा विचार करू दे.”

त्या दोघी त्याच संध्याकाळी घरी गेल्या. सेक्रेटरीबाई माझ्यावर रागावल्या असतील म्हणून मी चार दिवस भाजीलाही खाली उतरलो नाही. पाचव्या दिवशी त्याच वर आल्या. मंडळाला माझं दुसरं भाषण हवं होतं. विषय कुठलाही चालेल, पण मागच्यासारखंच व्हावं.

पुढच्या आठवड्यात मुलीचा फोन आला. सूज गेली की आखूड दांडी घालावी लागते म्हणून ती चिमीला घेऊन स्वतः त्या दुकानात गेली होती. तिथे तिने संमतीचा कागद वाचला, आणि त्यात समासातल्या पेन्सिलीच्या दुरुस्त्या कुणी केल्या हे तिला विचारावं लागलं नाही. तिने आणखी दोन सुचवल्या. मग फोन चिमीकडे दिला. चिमी ‘हं’ म्हणाली नाही. पंधरा मिनिटं बोलली. वर्गात प्रयोगशाळेच्या तासाला तिने सरांची चूक दाखवली होती, आणि मागच्या बाकावरच्या मुलाने शेजाऱ्याला विचारलं होतं की ही नवीन आली का. मी ‘हं’ म्हणत होतो. फोन ठेवताना ती म्हणाली, आजोबा, पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही हं.

खरं होतं. मंजूर समजलेल्या अर्जालाही उत्तर द्यावं लागतं. तेही माझ्याच टिप्पणीत होतं, दुसऱ्या परिच्छेदात. मी कागद घेतला. एकच मसुदा केला, तोच पक्का. पाकिटात घालण्याआधी वाचला, काही खोडावंसं वाटलं नाही. चौकातल्या पेटीपर्यंत जाऊन आत टाकला आणि हात आत घालून तो अडकला नाही ना हेही पाहिलं. त्यात लिहिलं होतं:

‘चि. चिमीस, तुझे पत्र मिळाले. त्यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर: हो. दुसऱ्या प्रश्नाचे: नाही, कधीच नाही. तुझा, आजोबा.’